फाइल लहान करा, पण अक्षर जिवंत ठेवा: २५६ केबीत दाखला बसवायचा कसा?



व्हिडिओत मी स्क्रीनवर करून दाखवलंय, पण तिथे "कुठलं बटण" एवढंच सांगून होतं, "का" सांगायला वेळ पुरत नाही. हा लेख त्या "का"साठी आहे. ज्यांना ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान टाकायचंय, किंवा झेरॉक्स मशीन आधीच आहे आणि त्याला हे काम जोडायचंय, त्यांनी वही-पेन घेऊनच बसा. थोडा हिशोब आहे, पण चौथीच्या पुढचा नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. लोक विचारतात, "सर, दुकान टाकायला काय काय लागतं?" कॉम्प्युटर, प्रिंटर, स्कॅनर, इन्व्हर्टर, हे सगळे सांगतात. पण गिऱ्हाईक तुमच्या दुकानात परत येतं ते एकाच कारणाने: त्याचा अर्ज परत आला नाही म्हणून. आणि अर्ज परत यायची जी कारणं दुकानदाराच्या हातात असतात, त्यात सगळ्यात वरचं म्हणजे अपलोड केलेला कागद वाचता न येणं. फाइल मोठी असली तर पोर्टल लगेच लाल अक्षरात सांगतं, तुम्ही दुरुस्त करता. फाइल नको तेवढी दाबली असली तर पोर्टल काहीच बोलत नाही. ते गपचूप घेतं. बोलतो तो तपासणारा माणूस, तीन आठवड्यांनी.

आपल्या भागातलंच उदाहरण घ्या. फर्दापूर तसं अजिंठ्याच्या पायथ्याचं गाव, टी-पॉइंटमुळे जगाला माहीत. पण दुकानात येणारं गिऱ्हाईक पर्यटक नसतं. ते सोयगाव तालुक्यातल्या कापूस-मक्याच्या घरातलं पोरगं असतं, वाकोदकडची एखादी मावशी असते. दहावी-बारावीचे निकाल लागले की उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर यांची रांग लागते. हे दाखले आपले सरकार पोर्टलवरून काढायचे, आणि मग तेच दाखले महाडीबीटीवर शिष्यवृत्तीसाठी चढवायचे. म्हणजे एकच कागद दोनदा-तीनदा फाइल होतो, आणि दर ठिकाणी मर्यादा वेगळी.

आपले सरकारवर फोटो ५ ते २० केबी, रुंदी १६० पिक्सेल आणि उंची २०० ते २१२ पिक्सेल. कागदपत्रं किमान ७५ केबी आणि कमाल ५०० केबी. महाडीबीटीच्या शिष्यवृत्ती अर्जात कागद १५ ते २५६ केबी. बँक भरतीच्या आयबीपीएस अर्जात फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी. जीएसटी नोंदणीत फोटो १०० केबीपर्यंत. हे आकडे पाठ करू नका. पोर्टल बदलतं तसे तेही बदलतात. अपलोडच्या बटणाशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते आधी वाचायचं आणि कागदावर टिपून मग स्कॅनरला हात लावायचा. आपल्याकडे उलटं चालतं: आधी स्कॅन, मग "फाइल साइज एक्सीड" दिसलं की धावपळ.

जाता जाता एक सांगतो. उद्यम नोंदणीला कुठलाच कागद चढवावा लागत नाही. ती १ जुलै २०२० पासून स्वयंघोषणेवर चालते आणि मोफत आहे. कोणी "उद्यमसाठी कागद कॉम्प्रेस करून देतो" म्हणून पैसे मागत असेल तर समजून घ्या.

वजन येतं कुठून?

आता हिशोब. ए-फोर कागद म्हणजे ८.२७ इंच बाय ११.६९ इंच. स्कॅनरवर ३०० डीपीआय ठेवलं म्हणजे प्रत्येक इंचात ३०० ठिपके. म्हणजे २४८० बाय ३५०८, गुणाकार केला तर साधारण ८७ लाख ठिपके. रंगीत असेल तर प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट. झाले जवळपास २५ एमबी, एका पानाचे! कॉम्प्रेशन नसतं तर तुमचा उत्पन्नाचा दाखला एवढा जड असता.

आता डीपीआय निम्मं करा, १५०. ठिपके किती? १२४० बाय १७५४, म्हणजे साधारण २१ लाख ७५ हजार. डीपीआय निम्मं केलं, पण ठिपके एक चतुर्थांश झाले, कारण लांबीही निम्मी आणि रुंदीही निम्मी. ही गोष्ट डोक्यात पक्की बसवा, पुढचं अर्धं काम तिच्यावरच चालतं.

मग सरळ ७२ डीपीआयवर का नको जायचं? फाइल अजून लहान होईल की! इथेच देवनागरीचा प्रश्न येतो. दाखल्यावरचं अक्षर साधारण १० पॉइंटचं धरा. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. मग १५० डीपीआयवर त्या अक्षराला उंचीत २० ते २१ ठिपके मिळतात. १०० डीपीआयवर १४. ७२ डीपीआयवर फक्त १०. त्या १० ठिपक्यांत शिरोरेघ, अक्षर, वरची मात्रा, खालचा उकार, सगळं बसवायचं. इंग्रजी अक्षर १० ठिपक्यांत कसंबसं वाचता येतं. आपलं नाही. अनुस्वार एक ठिपका उरतो आणि तो कॉम्प्रेशनमध्ये पुसला जातो. "शिंदे"चं "शिदे" होतं. रफार उडाला की "वर्मा"चा "वमा". आधारवर एक नाव, दाखल्यावर दुसरं नाव, आणि अर्ज "नावात तफावत" म्हणून परत. कागदात तफावत नव्हतीच, ती फाइलमध्ये तयार झाली.

मागच्या हंगामात शेजारच्या गावातली एक ताई आली होती माझ्याकडे. मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज दुसऱ्या एका ठिकाणी भरला होता, तो परत आलेला. तिने मूळ दाखला पिशवीतून काढून काउंटरवर ठेवला, एकदम स्वच्छ, शिक्का ठसठशीत. आणि अपलोड झालेली फाइल उघडली तर २१ केबी. मर्यादा २५६ ची! आकडा छोटा असला की सुरक्षित, असा समज. वार्षिक उत्पन्नाच्या रकमेत पहिला आकडा १ आहे की ७ हेच कळत नव्हतं. ताई म्हणाली, "भाऊ, कागद तर खराच आहे ना?" कागद खरा होता, तारखेला तीन दिवस उरले होते. १५० डीपीआयवर पुन्हा स्कॅन केला, १८० केबी झाला, चढवला. काम दहा मिनिटांचं. पण ती तारीख उलटून गेली असती तर त्या मुलीचं वर्षाचं शुल्क घरातून भरावं लागलं असतं.

म्हणून माझा नियम असा आहे: मर्यादा जेवढी आहे तिच्या ७० ते ९० टक्के वापरा. २५६ मिळालेत तर १८० ते २३० केबीची फाइल करा. दिलेली जागा सोडून देऊन काही बक्षीस मिळत नाही.

जेपीईजी आत काय करतं

हे थोडं तांत्रिक आहे, पण कळलं की बटणं आपोआप कळतात.

जेपीईजी हे मानक १९९२ सालचं. त्याच्या पोटात जे गणित आहे त्याला डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म म्हणतात. ते शोधलं नासीर अहमद यांनी. जन्म बंगळुरूचा, १९४० चा. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात प्राध्यापक होते. १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेवर काम करायला तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला, तो नामंजूर झाला. त्यांनी तरी काम केलं आणि १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत शोधनिबंध छापला. आज तुम्ही पाठवता तो जवळजवळ प्रत्येक फोटो या गणितातून जातो. प्रोजेक्ट रिपोर्ट बँकेतून परत आला म्हणून रुसून बसलेल्या आपल्या मित्रांना हा किस्सा मी मुद्दाम सांगतो.

तर गणित काय करतं? चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतं. प्रत्येक चौकोनात "हळूहळू बदलणारं" किती आणि "झपकन बदलणारं" किती, हे वेगळं काढतं. माणसाच्या डोळ्याला हळू बदल चांगले दिसतात, बारीक झपझप बदल कमी दिसतात. म्हणून क्वालिटी कमी केली की ते झपझप बदल आधी फेकून देतं. चेहरा, आभाळ, भिंत, यांना फारसा फरक पडत नाही. पण अक्षर म्हणजे काय? पांढऱ्यावर एकदम काळं. म्हणजे सगळा झपकन बदलच! म्हणून क्वालिटी फार खाली नेली की अक्षराभोवती धूर आल्यासारखा दिसतो.

यातून तीन कामाच्या गोष्टी निघतात.

पहिली, पार्श्वभूमी. गिऱ्हाईक घरून मोबाइलवर दाखल्याचा फोटो काढून आणतं, खाली फुलाफुलांची चादर. ती चादर म्हणजे बारीक झपझप बदलांचा कारखाना. तुमचे केबी चादरीवर खर्च होतात आणि अक्षराच्या वाट्याला उरत नाही. आधी क्रॉप करा, चारही बाजूंनी कागदाच्या कडेपर्यंत. नुसत्या क्रॉपने फाइल निम्मी झालेली मी रोज बघतो. सावली आणि कमी उजेडातली खरखर यांचंही तेच. उजेडात, कागद सपाट ठेवून, मोबाइल बरोबर वर धरून काढलेला फोटो आपोआप हलका होतो. मोबाइलवरच स्कॅन करायचं असेल तर अडोबी स्कॅन किंवा गूगल ड्राइव्हमधलं स्कॅन वापरा, ते कडा ओळखून कागद सरळ करतात आणि पार्श्वभूमी पांढरी करतात.

दुसरी, क्रम. आधी क्रॉप, मग पिक्सेल कमी, आणि सगळ्यात शेवटी क्वालिटी. बहुतेक लोक पिक्सेलला हात न लावता थेट क्वालिटी २० वर नेतात. पासपोर्ट फोटोचं गणित बघा. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. आपले सरकारला हवेत १६० बाय २००, म्हणजे ३२ हजार ठिपके. ३७५ पटीने कमी! एवढं लहान केल्यावर ३२ हजार ठिपक्यांना २० केबी म्हणजे भरपूर जागा झाली, क्वालिटी ९० ठेवली तरी बसतं. पिक्सेल तसेच ठेवून २० केबीत कोंबायला गेलात तर चेहऱ्यावर चौकटी दिसतात. त्या चौकटी म्हणजे तेच ८ बाय ८ चे चौकोन.

तिसरी, पुन्हा पुन्हा सेव्ह करू नका. जेपीईजी उघडली, थोडी बदलली, सेव्ह केली की दरवेळी गणित नव्याने चालतं आणि काहीतरी जातं. पाच वेळा प्रयत्न करायचे असतील तर पाचही वेळा मूळ फाइलपासून सुरुवात करा. म्हणून माझ्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फोल्डरमध्ये दोन फोल्डर असतात, "मूळ" आणि "अपलोड". मूळला कोणी हात लावायचा नाही, दुकानातल्या पोरानेही नाही.

रंग काढून टाकण्याबद्दल एक गैरसमज आहे. लोकांना वाटतं, रंगीतचं ग्रे केलं की फाइल तिसऱ्या हिश्श्यावर येते. कच्च्या डेटात येते, हो. पण जेपीईजीने रंगाची माहिती आधीच बरीच कमी केलेली असते, कारण डोळ्याला रंगातले बारकावे कमी कळतात. त्यामुळे ग्रे केल्यावर जेपीईजी थोडीच उतरते. गोल शिक्का निळा-जांभळा असेल तर माझं मत, मर्यादेत बसत असेल तर रंग राहू द्या. शिक्का शिक्क्यासारखा दिसलेला बरा.

पूर्ण काळं-पांढरं, म्हणजे ग्रे नव्हे, एक ठिपका एकतर काळा नाहीतर पांढरा, हा मात्र वेगळा प्रकार आहे. त्यात पीडीएफ जुन्या फॅक्स मशीनसाठी बनलेली पद्धत वापरते आणि टाइप केलेलं पान २०० डीपीआयला साधारण ३० ते ६० केबीत बसतं, अक्षर कडक. भाडेकरार, ठराव, बिनफोटोचं प्रतिज्ञापत्र यांना हे उत्तम. फोटो असलेला कागद, फिकट शिक्का, पेन्सिल, जुना पिवळा पडलेला शाळा सोडल्याचा दाखला, यांना चुकूनही लावू नका. फोटोचा काळा डाग होतो आणि फिकट शिक्का गायब.

अनेक पानांची पीडीएफ

समजा दुकानाच्या जागेचा भाडेकरार ८ पानांचा आहे आणि मर्यादा १ एमबी. १ एमबी म्हणजे १०२४ केबी. त्यातले १०० बाजूला ठेवा, पीडीएफच्या स्वतःच्या सामानासाठी आणि सुरक्षिततेसाठी. उरले ९२४, भागिले ८, म्हणजे पानाला ११५ केबी. आता स्कॅन करण्याआधीच तुम्हाला माहितीये की काळं-पांढरं २०० डीपीआय ठेवलं तर आरामात बसेल, आणि ज्या एका पानावर फोटो आहेत ते ग्रेमध्ये घेतलं तरी चालेल. लग्नाच्या जेवणाचा हिशोब आपण ताटावरच करतो ना, तसंच हे.

झिप करून बघू का, असं एकाने विचारलं होतं. उपयोग नाही. जेपीईजी आधीच पिळून काढलेली असते, झिपला पिळायला काही उरत नाही. आणि पोर्टल झिप घेतही नाही.

स्कॅनरबरोबर येणाऱ्या सॉफ्टवेअरचा कंटाळा आला असेल तर नॅप्स-टू बघा. मोफत आहे, ऑफलाइन चालतं, स्कॅन करून थेट पीडीएफ देतं आणि डीपीआय, रंग, क्वालिटी तिथेच ठरवता येते. फोटोसाठी इरफानव्ह्यू चांगलं, सेव्ह करताना "एवढ्या केबीत बसव" असा आकडाच देता येतो. पण लक्षात घ्या, इरफानव्ह्यू घरगुती वापराला फुकट आहे. दुकानात वापरायचं असेल तर परवाना विकत घ्यावा लागतो. फार महाग नाही. आपण गिऱ्हाइकाला पावती देतो, तर सॉफ्टवेअरवाल्याचीही पावती असू द्या.

जी पीडीएफ दाबायचीच नसते

हा भाग नीट वाचा, कारण यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

सातबारा घ्या. महाभूमीच्या पोर्टलवरून १५ रुपयांत डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो. त्या पीडीएफमध्ये अक्षरांचं चित्र नसतं, खरी अक्षरं असतात. मुळातच हलकी, आणि कितीही झूम करा, अक्षर फुटत नाही. आता आपल्याकडे काय करतात? त्याची प्रिंट काढतात, गिऱ्हाइकाच्या हातात देतात, पुन्हा तीच प्रिंट स्कॅनरवर ठेवून स्कॅन करतात, दोन एमबीची फाइल होते, मग ती कॉम्प्रेस करत बसतात! खऱ्या अक्षराचं चित्र केलं, चित्र जड झालं, मग चित्र दाबून खराब केलं. मूळ पीडीएफ सरळ चढवली असती तर यातलं काहीच करायला लागलं नसतं.

दुसरं असं की, डिजिटल स्वाक्षरी ही त्या फाइलच्या प्रत्येक बाइटशी बांधलेली असते. तुम्ही फाइल कॉम्प्रेसरमधून काढली किंवा "प्रिंट टू पीडीएफ" केली की दिसायला सगळं तेच, पण स्वाक्षरी तुटते. तपासणाऱ्याने पडताळून बघितलं तर ती सही उरलेलीच नसते. ई-आधारचंही तसंच. त्याला पासवर्ड असतो, नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल. काही पोर्टल पासवर्डवाली पीडीएफ घेत नाहीत, तेव्हा उघडून पुन्हा पीडीएफ करावीच लागते. करा, पण मूळ फाइल "मूळ" फोल्डरमध्ये जपून ठेवा आणि गिऱ्हाइकालाही द्या. डिजिलॉकरमधून मिळालेल्या दस्तऐवजाला नियमांनुसार मूळ कागदाइतकीच मान्यता आहे, तिथूनच उतरवता येत असेल तर स्कॅनरचं झाकण उघडूही नका.

माझ्या दुकानात पोराला पहिला प्रश्न मी हाच विचारायला शिकवलाय: "हा कागद मोबाइलमध्ये किंवा लॉगिनमध्ये फाइल म्हणून आहे का?" असेल तर निम्मं काम तिथेच संपतं.

किमान मर्यादेचं काय?

फाइल फार लहान झाली म्हणूनही अडते. आपले सरकारला कागद ७५ केबीच्या वर हवा. इथे लोक त्या २० केबीच्या फाइलचाच आकार कुठल्यातरी वेबसाइटवर वाढवून आणतात. त्याने केबी वाढतात, अक्षर सुधारत नाही. पुन्हा स्कॅन करा, २०० डीपीआयवर, एवढंच.

सहीचा प्रकार मात्र खरोखर डोकेदुखीचा आहे. आयबीपीएसला सहीचं प्राधान्याचं माप १४० बाय ६०, म्हणजे फक्त ८४०० ठिपके, आणि फाइल हवी किमान १० केबी. ८४०० ठिपक्यांची सही, तीही पांढऱ्या कागदावर, १० केबी होतच नाही सहसा, ती ३-४ केबीत बसते. उपाय असा की प्रमाण तेच ठेवून माप वाढवायचं, २८० बाय १२० किंवा ४२० बाय १८०, आणि क्वालिटी ९५ च्या वर. सही काळ्या शाईच्या पेनने, कोऱ्या कागदावर, कॅपिटल अक्षरांत नाही.

फुकट वेबसाइट आणि दुसऱ्याचं आधार कार्ड

गूगलवर "कॉम्प्रेस पीडीएफ" टाकलं की डझनभर वेबसाइट येतात. वापरायला सोप्या, काम पटकन. पण त्या वेळी तुम्ही गिऱ्हाइकाचं आधार, पॅन, बँक पासबुक कुणाच्यातरी सर्व्हरवर पाठवत असता. स्वतःचा कागद असेल तर तुमचा निर्णय. गिऱ्हाइकाचा असेल तर त्याला विचारलंय का तुम्ही? २०२३ मध्ये आपल्याकडे वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झालाय, पण कायद्याचं राहू द्या बाजूला. छोट्या गावात एखाद्याच्या नावावर परस्पर कर्ज निघालं आणि त्याला आठवलं की आपण कागद फक्त तुमच्याकडे दिले होते, तर दुकानाचं काय होईल? म्हणून दुकानाच्या कॉम्प्युटरवर ऑफलाइन सॉफ्टवेअर. जिथे पूर्ण आधार क्रमांक लागत नाही तिथे मास्क्ड आधार, ज्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात.

वर्डमध्ये काम करणाऱ्यांसाठी एक इशारा. आधारचा फोटो वर्डमध्ये टाकून क्रॉप केला तरी कापलेला भाग फाइलमध्ये शिल्लकच असतो, समोरचा माणूस क्रॉप उलटं फिरवून बघू शकतो. "कॉम्प्रेस पिक्चर्स"मध्ये जाऊन कापलेले भाग डिलीट करण्याच्या पर्यायावर टिक करा. गुप्तताही राहते, वजनही उतरतं.

आणि व्हॉट्सअ‍ॅप. गिऱ्हाईक कागद फोटो म्हणून पाठवतं तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच तो दाबतं. म्हणजे तुमच्या हातात आलेली फाइल आधीच एकदा पिळलेली. त्याला सांगा, "दादा, डॉक्युमेंट म्हणून पाठवा." कसं पाठवायचं याची चार ओळींची चिठ्ठी छापून काउंटरवर चिकटवा. काम झालं की व्हॉट्सअ‍ॅप वेबमधून आणि डाउनलोड फोल्डरमधून ते कागद काढून टाकायचे, रोज संध्याकाळी, शटर ओढायच्या आधी.

फॉर्मवाल्या गिऱ्हाइकापलीकडचं काम

आपल्या गावात याच कौशल्याला दुसरं गिऱ्हाईक आहे, आणि ते चांगले पैसे देतं. लॉज, होम-स्टे, हॉटेल, टी-पॉइंटकडचे रंगीत दगड आणि स्फटिक विकणारे. त्यांच्याकडे रेट कार्ड किंवा कॅटलॉगची पीडीएफ असते, कोणीतरी शहरातून बनवून दिलेली, ३० एमबीची. जीमेलमधून २५ एमबीच्या वरची फाइल अटॅचमेंट म्हणून जात नाही, ती ड्राइव्हची लिंक बनून जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर जाते, पण समोरचा टूरवाला प्रवासात असतो, ती उघडेपर्यंत त्याने दुसऱ्या लॉजला फोन केलेला असतो.

अशा फाइलमध्ये जवळजवळ नेहमी एकच कारण असतं: पानावर तीन इंचाचा दिसणारा फोटो आत पूर्ण १२ मेगापिक्सेलचा बसलेला. मूळ वर्ड फाइल असेल तर "कॉम्प्रेस पिक्चर्स"मध्ये १५० पीपीआय निवडा, मग पीडीएफ करताना "मिनिमम साइज". नुसती पीडीएफ हातात असेल तर ऑफलाइन कॉम्प्रेसरमध्ये १५० डीपीआयचा पर्याय घ्या. अशी ३० एमबीची फाइल २-३ एमबीवर येणं सहज शक्य असतं आणि मोबाइलच्या पडद्यावर फरक ओळखू येत नाही. ९६ पीपीआय मात्र खोलीच्या फोटोला चालेल, दगडांच्या कॅटलॉगला नको. दगड विकला जातो रंगावर आणि आतल्या रेषांवर, आणि त्या रेषा म्हणजे पुन्हा तेच बारीक झपझप बदल. तिथे फोटो कमी घ्या, पण आहेत ते नीट ठेवा.

दराचं सांगतो. सरकारी सेवेची फी शासनाने ठरवलेली असते, तिच्यावर एक रुपयाही वाढवू नका. दरपत्रक भिंतीवर लावलेलं असू द्या. कॅटलॉग, रेट कार्ड, बँकेची प्रोजेक्ट फाइल हे मात्र तुमचं खासगी काम, त्याचा दर तुम्ही ठरवा. मी पानावर घेत नाही, फाइलवर घेतो, आणि एक महिन्यात दर बदलले तर एक दुरुस्ती मोफत देतो. त्या एका दुरुस्तीसाठी आलेला लॉजवाला जाताना पुढचं काम सांगूनच जातो.

आता गृहपाठ. घरातला कुठलाही एक दाखला घ्या. ३००, १५० आणि ७२ डीपीआयवर तीनदा स्कॅन करा, प्रत्येकाची जेपीईजी क्वालिटी ७५ ठेवा आणि तिन्हींचे केबी वहीत लिहा. मग तिन्ही फाइल मोबाइलवर पाठवा, डॉक्युमेंट म्हणून, आणि घरातल्या चष्मा लावणाऱ्या माणसाला त्यावरचं पूर्ण नाव आणि दाखला क्रमांक वाचायला सांगा. कुठल्या फाइलला तो अडखळला तेही केबीच्या शेजारी लिहा. पुढच्या व्हिडिओत आपण याच वहीवरून पुढे जाणार आहोत, जुना, घड्या पडलेला, पिवळा कागद स्कॅन करायला घेऊ.